प्राण्यांचे वर्गीकरण : पाठांतर की परीक्षण?

प्राण्यांच्या वर्गीकरणाशी विद्यार्थ्याची पहिली गाठ पडते ती बहुधा एका कोष्टकात. डाव्या रकान्यात संघांची नावे, मधल्या रकान्यात लक्षणे आणि उजव्या रकान्यात उदाहरणे. स्पंजांपासून आरंभ होतो व सस्तन प्राण्यांपाशी शेवट होतो. परीक्षेच्या आदल्या रात्री हे कोष्टक पाठ केले जाते आणि परीक्षा संपली की ते विसरलेही जाते. परिणामी प्राणिशास्त्राचा हा भाग म्हणजे नावांची कोरडी जंत्री होय, असा समज घेऊन बहुसंख्य मुले शाळेबाहेर पडतात. पुढे त्यांतलीच काही जण शिक्षक होतात आणि तोच समज पुढच्या पिढीच्या हवाली करतात.

हा समज चुकीचा तर आहेच, पण तो घातकही आहे. कोणता प्राणी कोणाचा आप्त आहे आणि कोणाचा नाही, याविषयी पुराव्यानिशी केलेले विधान म्हणजे वर्गीकरण. असे विधान तपासता येते, खोडता येते आणि सुधारताही येते. ते चुकले, किंवा ते करावयास कोणी जाणकारच उरला नाही, तर त्याची किंमत परीक्षेतील गुणांपुरती राहत नाही. रोगराई, सर्पदंश, वन्य प्राण्यांचा ऱ्हास अशा अनेक ठिकाणी ती मोजावी लागते. यासाठी दूरच्या देशांतील दाखले शोधण्याचे कारण नाही. एक ठळक दाखला सिकंदराबादेतच घडलेला आहे.

दोन वर्षे आणि एक डास

हिवतापाचा जंतू डासांशी निगडित असावा, ही कल्पना पॅट्रिक मॅन्सन यांनी १८९४ साली रोनाल्ड रॉस यांच्यापुढे मांडली. रॉस भारतातील सैनिकी वैद्यकीय सेवेत अधिकारी होते. १८९५ साली ते भारतात परतले आणि त्यांनी सिकंदराबाद येथे कामास आरंभ केला. हिवतापाच्या रोग्यांना डास चावू द्यायचे आणि नंतर त्या डासांची चिरफाड करून सूक्ष्मदर्शकाखाली जंतूचा माग काढायचा, असा त्यांचा क्रम होता. मध्यंतरी बदली झाली, इतर कामांचे व्यत्यय आले. तथापि त्यांनी प्रयत्न सोडला नाही. डासामागून डास तपासले गेले आणि हाती काहीही लागले नाही.

रॉस यांचा हात कुशल होता व चिकाटी असामान्य होती. उणीव होती ती डासांच्या ओळखीची. त्या काळी भारतातील डासांचे व्यवस्थित वर्णन झालेले नव्हते आणि रॉस यांच्यापाशी त्याविषयीचा ग्रंथही नव्हता. त्यांनी आपल्या सोयीने डासांचे तीन प्रकार केले : राखाडी, पट्टेरी आणि ठिपकेदार पंखांचे. यांतील पहिल्या दोन प्रकारांना आज अनुक्रमे क्युलेक्स आणि एडिस या नावांनी ओळखले जाते. माणसाच्या हिवतापाचा जंतू या दोहोंतही वाढत नाही. रॉस यांचे परिश्रम मुख्यतः त्यांच्यावरच खर्ची पडत होते. १८९७ च्या ऑगस्ट महिन्यात ठिपकेदार पंखांचे डास त्यांच्या हाती आले. २० ऑगस्ट रोजी त्यांतील एका डासाच्या जठराच्या भिंतीत काळे रंगकण असलेल्या पेशी त्यांना दिसल्या. डासाच्या शरीरात वाढत असलेला हिवतापाचा जंतू तो हाच. या संशोधनाला १९०२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

या कथेतील एक गोष्ट बहुधा सांगितली जात नाही. ठिपकेदार पंखांच्या त्या डासाची प्रजाती शास्त्राला अपरिचित नव्हती. योहान मायगेन या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने १८१८ सालीच तिला अ‍ॅनॉफेलिस हे नाव दिले होते. ज्ञान युरोपातील ग्रंथालयांत होते आणि रोगी सिकंदराबादच्या इस्पितळात होते. या दोहोंमधील अंतर तोडण्यास दोन वर्षे लागली.

ज्या लक्षणांनी हा डास ओळखला जातो, ती एखाद्या शाळकरी मुलालाही दिसतील अशी आहेत. भिंतीवर बसताना क्युलेक्सचे शरीर भिंतीला समांतर राहते; अ‍ॅनॉफेलिसचे शरीर तिरपे, टोचलेल्या काट्यासारखे दिसते. क्युलेक्सची अळी श्वासनळी पृष्ठभागाला लावून पाण्यात डोके खाली करून लोंबते. अ‍ॅनॉफेलिसच्या अळीला तशी नळी नसल्यामुळे ती पृष्ठभागालगत आडवी पडून राहते. क्युलेक्सची अंडी एकमेकांना चिकटून त्यांचा तराफा होतो. अ‍ॅनॉफेलिसची अंडी सुटी असतात आणि त्यांच्या दोन्ही अंगांस हवेचे तरंडे असतात. अशा लहानसहान लक्षणांवरूनच पुढे प्रत्येक प्रदेशातील हिवतापाचा वाहक निश्चित करता आला. मुंबईत विसाव्या शतकाच्या आरंभी चार्ल्स बेंटली यांनी शहरातील हिवतापाचा तपास केला, तेव्हा अ‍ॅनॉफेलिस स्टीफेन्सी हा डास आणि त्याची पैदास करणाऱ्या शहरातील विहिरी यांच्याकडे बोट दाखवता आले. सर्व डास सारखेच मानले असते, तर कोणते पाणी झाकावयाचे, हे कळले नसते.

वर्गीकरणाच्या जुन्या कसोट्या

प्राण्यांची वर्गवारी करणे ही माणसाची फार जुनी खोड आहे. भारतीय परंपरेने प्राण्यांचा विचार त्यांच्या उत्पत्तीवरून केला : वारेसह जन्मणारे ते जरायुज, अंड्यातून येणारे ते अंडज, घामातून किंवा उबेतून उपजणारे ते स्वेदज आणि भूमी फोडून वर येणारे ते उद्भिज्ज. जैन ग्रंथकारांनी इंद्रियांची संख्या ही कसोटी घेतली. कृमी दोन इंद्रियांचा, मुंगी तीन, भुंगा चार आणि मनुष्य पाच इंद्रियांचा, अशी त्यांची मांडणी होती. ग्रीसमध्ये अ‍ॅरिस्टॉटलने रक्त असलेले आणि रक्त नसलेले असा मुख्य भेद केला आणि डॉल्फिनांना मत्स्यांपासून वेगळे काढले.

या सर्व प्रयत्नांकडे आजच्या ज्ञानाच्या जोरावर हसून पाहणे योग्य होणार नाही. प्राण्याचे बाह्य रूप सोडून त्याच्या जननाकडे किंवा इंद्रियरचनेकडे पाहावे, ही दृष्टी त्यांत आहे आणि ती मोलाची आहे. मात्र कसोटी लावली की ती तपासलीही पाहिजे, हा पुढचा टप्पा होय. स्वेदज प्राणी खरोखरच घामातून किंवा कुजक्या पदार्थांतून उपजतात काय? इटलीतील फ्रान्चेस्को रेदी यांनी १६६८ साली याचे उत्तर प्रयोगाने दिले. उघड्या भांड्यातील मांसात अळ्या पडल्या. जाळीदार कापडाने झाकलेल्या भांड्यातील मांसात त्या पडल्या नाहीत. माशीची अंडी मांसापर्यंत पोहोचली नाहीत, एवढेच त्याचे कारण होते. प्राण्यांच्या बाबतीत स्वेदज या वर्गाचा आधार असा ढासळला. वर्गीकरणातील एखादा विभाग म्हणजे एक गृहीतक असते व प्रयोग त्याला मोडू शकतो, ही गोष्ट या उदाहरणावरून स्पष्ट होते.

साम्य आणि नाते

दोन प्राणी सारखे दिसतात म्हणून ते एकमेकांचे आप्त ठरत नाहीत, हा वर्गीकरणाचा पहिला धडा होय. मराठी भाषेने देवमाशाला मासा म्हटले आहे आणि बाहेरून पाहता त्यात वावगे काही नाही. निमुळते शरीर, वल्ह्यासारखे पर, मागे शेपटी. पण देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिलाला दूध पाजतो आणि त्याचे रक्त उष्ण असते. माशाची शेपटी उभी असते व ती डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची शेपटी आडवी असते व ती वर-खाली हलते. त्याच्या वल्ह्यावरील कातडे बाजूस सारले की आत दंडाचे एक हाड, पुढील हाताची दोन हाडे, मनगट आणि बोटे अशी रचना आढळते. माणसाच्या हातात, घोड्याच्या पायात आणि वटवाघळाच्या पंखातही हीच रचना आहे. वापर भिन्न, घडण एक. अशी समान घडण समान पूर्वजाकडून आलेली असते. पोहण्याची सवय मात्र कोणीही स्वतंत्रपणे संपादन करू शकतो.

देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालत होते, या अनुमानाला भारतीय उपखंडातील खडकांनी बळकटी दिली. जम्मूमधील कालाकोट परिसरातून भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनी मिळवलेल्या जीवाश्मांपैकी इंडोह्यूस हा एक लहानसा, खूर असलेला प्राणी होता. त्याच परिसरातील जीवाश्मांचा पुढे सूक्ष्म अभ्यास झाला आणि २००७ साली असे दिसून आले की, त्याच्या कानाच्या हाडाची विशिष्ट जाडी देवमाशांशी जुळते. आज जिवंत असलेल्या प्राण्यांत देवमाशाचा सर्वांत जवळचा आप्त पाणघोडा आहे. माशांशी त्याचे नाते फार दूरचे आहे.

पंखांची गोष्टही अशीच आहे. पक्षी, वटवाघूळ आणि फुलपाखरू हे तिघेही उडतात. पक्ष्याचा पंख हातावरच्या पिसांचा, वटवाघळाचा पंख लांबलेल्या बोटांमध्ये ताणलेल्या कातडीचा, तर फुलपाखराचा पंख हा मुळी हातच नाही. तो शरीराच्या बाह्य कवचाचा पसारा आहे. 'उडणारे प्राणी' असा वर्ग करणे म्हणजे नाव, विमान आणि पतंग यांना एका कारखान्यातील माल समजण्यासारखे होईल.

उलट, जे सारखे दिसत नाहीत ते निकटचे आप्त असू शकतात. मगर आणि पाल या दोघी खवलेदार, चतुष्पाद आणि अंडी घालणाऱ्या. म्हणून पाठ्यपुस्तकांत त्या एकाच वर्गात बसतात. पण मगरीच्या हृदयाला पक्ष्याप्रमाणे चार कप्पे असतात, ती घरटे करते व पिलांची राखण करते. तिचे सर्वांत जवळचे जिवंत आप्त पक्षी आहेत, हे हाडांवरून, जीवाश्मांवरून आणि जनुकांवरूनही सिद्ध झाले आहे. चिमणी आणि मगर एका बाजूस, पाल दुसऱ्या बाजूस, ही गोष्ट प्रथमदर्शनी विचित्र वाटते. मात्र विचित्र वाटणे हे खोटे असण्याचे प्रमाण नव्हे.

कोष्टकातील लक्षणांना याच दृष्टीने अर्थ येतो. प्राणिशास्त्रज्ञ एखादा अपरिचित प्राणी हाती घेऊन काही ठराविक प्रश्न विचारतो. त्याच्या शरीरात ऊतींची घडण आहे काय, की स्पंजाप्रमाणे पेशींचा सैल समूह आहे? शरीराचे दोन समान भाग एकाच रेषेवर पडतात, की जेलीमाशाप्रमाणे मध्यबिंदूभोवती अनेक रेषांवर पडतात? गर्भाचे थर दोन की तीन? आतडे व शरीरभित्ती यांच्यामध्ये पोकळी आहे काय? गांडुळाप्रमाणे शरीर वलयांचे बनले आहे काय? पायांना सांधे आहेत काय? आयुष्याच्या कोणत्याही अवस्थेत पाठीशी आधाररज्जू असते काय? या प्रश्नांच्या उत्तरांतूनच वलयी, संधिपाद, मृदुकाय, कंटकचर्मी, पृष्ठवंशी हे विभाग उभे राहतात. त्यातून निघणारी काही अनुमाने चकित करणारी असतात. तारामासा हा माशासारखा मुळीच नाही, डोके नाही, मेंदू नाही. परंतु त्याच्या गर्भाच्या वाढीत मुख आणि गुद ज्या क्रमाने तयार होतात, तो क्रम पृष्ठवंशी प्राण्यांचा आहे. म्हणून चपळ व हुशार अष्टपादापेक्षा हा निर्बुद्ध तारामासा माणसाला नात्याने अधिक जवळचा आहे. प्रश्न आधी आणि कोष्टक नंतर, हा क्रम वर्गात पाळला गेला, तर हेच कोष्टक जिवंत होईल.

चूक सुधारणारे शास्त्र

आजच्या प्राणिनामांची पद्धत कार्ल लिनीअस यांच्यापासून चालत आलेली आहे. 'सिस्टिमा नॅच्युरी' या त्यांच्या ग्रंथाची दहावी आवृत्ती १७५८ साली प्रसिद्ध झाली. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांचा आरंभ शास्त्रज्ञांनी त्या वर्षापासून धरला आहे. प्रत्येक प्राण्याला दोन शब्दांचे नाव, पहिला प्रजातीचा व दुसरा जातीचा, ही पद्धत त्यात सर्वत्र लागू झाली. भारतीय नागाचे शास्त्रीय नाव नाजा नाजा. हे नाव काबूलपासून कोलंबोपर्यंत आणि तेथून टोकियोपर्यंत एकाच सापाचा बोध करून देते. देशी भाषांतील नावे गोड व अर्थपूर्ण असतात, परंतु ती जिल्ह्याजिल्ह्याला बदलतात.

लिनीअस यांचा अधिकार मोठा होता. पण त्यांच्या चुकाही मोठ्या होत्या. १७३५ च्या पहिल्या आवृत्तीत त्यांनी देवमाशांना माशांत घातले होते. १७५८ मध्ये त्यांनी स्वतःच ते सस्तनांत आणले. त्याच आवृत्तीत वटवाघळे मात्र माणसाच्या आणि माकडांच्या गणात बसवली होती. बेडूक व साप एकाच वर्गात होते. कीटक वगळता उरलेले सारे अपृष्ठवंशी प्राणी 'कृमी' नावाच्या एका पोत्यात कोंबले होते. ते पोते पुढे लामार्क, क्यूव्हिए आदी शास्त्रज्ञांनी उपसले. १८५९ साली चार्ल्स डार्विन यांनी जीवांच्या उत्क्रांतीचा सिद्धांत मांडला, तेव्हा वर्गीकरणातील साम्यांचा उलगडा झाला : ती साम्ये वंशवृक्षाची खूण होती.

विद्यार्थ्यांना हा चुकांचा इतिहास सांगितला जात नाही. वर्गीकरण म्हणजे अखेरचा निर्णय, असेच त्यांच्या मनावर बिंबते. पुढे एखाद्या पुस्तकात निराळी मांडणी दिसली की ते गोंधळतात आणि शास्त्रज्ञांचे आपसांतच पटत नाही, असा निष्कर्ष काढतात. वस्तुतः मत बदलण्याची तयारी हे शास्त्राचे बळ आहे. नवीन पुरावा आला असता जुनी मांडणी सोडता येणे, हीच त्याच्या विश्वासार्हतेची खूण होय.

जातीचा प्रश्न आणि जीविताचा प्रश्न

संघ आणि वर्ग हे मोठे विभाग होत. पण व्यवहारात निर्णायक ठरते ती जाती. आपसांत प्रजनन करणारा व इतरांपासून प्रजननाने वेगळा राहणारा समुदाय, ही जातीची ढोबळ व्याख्या. ती बाहेरून नेहमीच दिसते असे नाही. भारताच्या ग्रामीण भागात हिवताप पसरवण्यात ज्या डासाचा वाटा सर्वांत मोठा आहे, तो अ‍ॅनॉफेलिस क्युलिसिफेसीस फार काळ एकच जाती समजला जात होता. १९८० पासून त्याच्या गुणसूत्रांवरील पट्ट्यांचा अभ्यास होऊ लागला आणि कळून आले की, एकाच रूपाच्या आड अनेक जाती आहेत. आता अशा पाच जाती ओळखल्या गेल्या असून त्यांना अ, ब, क, ड, इ अशी अक्षरे दिलेली आहेत. त्यांतील 'ब' जाती भारतात हिवतापाची फार दुबळी वाहक आहे. ती गुरांच्या रक्तावर अधिक जगते. ज्या गावात केवळ 'ब' आहे आणि ज्या गावात 'अ'ही आहे, तेथील धोका सारखा नाही. डोळ्यांना मात्र दोन्ही गावांतील डास सारखेच दिसतात.

दुसरे उदाहरण गिधाडांचे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत भारतातील गिधाडे पाहता पाहता नाहीशी होऊ लागली. तीन जातींची संख्या नव्वद टक्क्यांहूनही अधिक घटली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत गुरांच्या मांसावाटे गिधाडांच्या मूत्रपिंडांवर आघात करते, असे २००४ साली सिद्ध झाले. २००६ साली या औषधाच्या गुरांसाठीच्या उत्पादनावर भारतात बंदी आली. याच काळात लांब चोचीच्या गिधाडाविषयी एक महत्त्वाची दुरुस्ती झाली. ते एकाच जातीचे दोन उपप्रकार मानले जात होते. २००१ साली संग्रहालयांतील नमुन्यांच्या मोजमापांवरून दाखवण्यात आले की, त्या दोन स्वतंत्र जाती आहेत : एक द्वीपकल्पातील कड्यांवर घरटे करणारी आणि दुसरी हिमालयाच्या पायथ्याशी व आसामात झाडांवर घरटे करणारी, निमुळत्या चोचीची. ही दुसरी जाती अत्यंत विरळ आहे. दोघींची एकत्र मोजदाद चालू राहिली असती, तर तिचा ऱ्हास पहिलीच्या आकड्यांत झाकून गेला असता. आज हरियाणातील पिंजोर आणि आसाममधील राणी यांसारख्या केंद्रांत गिधाडांची पैदास करताना प्रत्येक जातीचा स्वतंत्र विचार होतो, याचे श्रेय संग्रहालयातील जुन्या कातड्यांना आणि ती मोजणाऱ्या माणसांना आहे.

तिसरे उदाहरण अधिक निकडीचे आहे. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मृत्यू पावली, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. भारतात मिळणारी प्रतिविषलस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषांपासून तयार होते आणि ते विष मुख्यतः तामिळनाडूत गोळा केले जाते. एके काळी आशियातील सारे नाग एकाच जातीचे मानले जात. ही समजूत खरी असती, तर एका ठिकाणच्या नागाच्या विषावर तयार केलेली लस सर्वत्र सारखीच उपयोगी पडली असती. परंतु विसाव्या शतकाच्या अखेरीस झालेल्या संशोधनाने नागांच्या अनेक जाती वेगळ्या केल्या. फणीवर दहाचा आकडा असलेला नाग निराळा. बंगाल व ईशान्य भारतात आढळणारा, फणीवर एकच वलय असलेला नाग निराळा. या दुसऱ्या नागाच्या विषावर प्रचलित लस पुरेशी परिणामकारक ठरत नाही, असे प्रयोगशाळांतील परीक्षणांत दिसून आले आहे. ज्या प्रदेशात जो साप, त्या प्रदेशास साजेशी लस, हे धोरण स्वीकारावयाचे असेल, तर कोणत्या प्रदेशात कोणत्या जाती आहेत, हे आधी निश्चितपणे माहीत असले पाहिजे. हे काम वर्गीकरणशास्त्रज्ञांचे आहे. येथे एक इशारा देणे अवश्य आहे : दंश झाल्यावर साप ओळखण्यासाठी त्याचा पाठलाग करू नये. रोग्यास विनाविलंब इस्पितळात नेणे हाच योग्य मार्ग होय; वैद्य लक्षणांवरून उपचार ठरवतात.

एक आक्षेप

यावर कोणी असे म्हणेल की, आता जनुकांचा काळ आला आहे. प्राण्याच्या शरीरातील एका ठराविक जनुकाचा लहानसा तुकडा वाचून जाती ओळखता येते. मग पाय, पंख, खवले मोजीत बसण्याचे कारण काय? ही पद्धत कॅनडातील पॉल हिबर्ट यांनी २००३ साली मांडली आणि ती खरोखर उपयुक्त आहे. बाजारातील मांस कोणत्या प्राण्याचे, जप्त केलेले कातडे कोणाचे, हे तिच्यामुळे ठरवता येते. क्युलिसिफेसीसच्या जाती वेगळ्या करण्यासाठीही आज अशाच पद्धती वापरल्या जातात.

तथापि या आक्षेपात एक गफलत आहे. जनुकाचा तुकडा स्वतः होऊन नाव सांगत नाही. तो आधीच नाव निश्चित झालेल्या नमुन्याशी ताडून पाहावा लागतो. तो नमुना कोणी तरी रानात जाऊन मिळवलेला, लक्षणे पाहून ओळखलेला आणि संग्रहात जपलेला असतो. ज्या जातीचे नावच अद्याप ठेवले गेलेले नाही, तिचा तुकडा कोणत्याही यादीशी जुळणार नाही. बोटांचे ठसे उत्तम असले, तरी ठाण्यात नोंदवही नसेल तर त्यांचा उपयोग काय? जनुकांच्या अभ्यासाने वर्गीकरणशास्त्रज्ञाच्या हातात एक नवे हत्यार दिले आहे. त्याची जागा मात्र त्या हत्याराला घेता येणार नाही.

केरळातील जांभळ्या बेडकाचे उदाहरण येथे बोलके ठरावे. वर्षाचा बहुतेक काळ हा प्राणी जमिनीखाली राहतो व पहिल्या पावसात काही दिवसांपुरता वर येतो. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसाइट यांनी २००३ साली त्याचे वर्णन करून त्यास नासिकाबॅट्रॅकस सह्याद्रेन्सिस हे नाव दिले. त्याची हाडे, शरीररचना आणि जनुके या साऱ्यांचा मेळ घातला गेला, तेव्हा त्याचे जवळचे आप्त हिंदी महासागरातील सेशेल्स बेटांवर निघाले. भारत आणि सेशेल्स हे भूभाग कोट्यवधी वर्षांपूर्वी एकमेकांस जोडलेले होते. त्या जोडणीचा साक्षीदार हा बेडूक आहे. एका बेडकाच्या नावात खंडांचा इतिहास सामावलेला असतो, तो असा.

संग्रह, माणसे आणि शाळा

भारतीय प्राणी सर्वेक्षण या संस्थेची स्थापना १ जुलै १९१६ रोजी कलकत्ता येथे झाली. नेल्सन अ‍ॅनन्डेल हे तिचे पहिले संचालक. तिचे पश्चिम विभागीय केंद्र १९५९ पासून पुण्यात आहे. मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी तर १८८३ पासून नमुने जमवीत व जपत आली आहे. २०२४ साली सर्वेक्षणाने देशातील ज्ञात प्राण्यांची सूची प्रकाशित केली. तीत १ लाख ४ हजारांहून अधिक जातींची नोंद आहे. जगात आजवर वर्णन झालेल्या प्राण्यांच्या जाती सुमारे १५ लाख असून त्यांपैकी सुमारे १० लाख कीटकच आहेत. अद्याप नाव न मिळालेल्या जाती याहूनही अधिक असाव्यात, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.

हे काम चालू ठेवण्यासाठी दोन गोष्टी लागतात : जपलेले संग्रह आणि ते वाचू शकणारी माणसे. नव्या जातीचे नाव ज्या नमुन्यावरून ठेवले जाते, त्याला प्ररूप म्हणतात. पुढे शंका उत्पन्न झाली की शास्त्रज्ञ त्या प्ररूपाकडे जातो, जसा सराफ प्रमाणित वजनाकडे जातो. प्ररूपाला बुरशी लागली, किंवा बाटलीतील मद्यार्क आटला, तर त्या नावाचा आधारच सुटतो. माणसांची उणीव तर याहून गंभीर आहे. एखाद्या गोगलगायींच्या किंवा कोळ्यांच्या कुलाचा जाणकार तयार होण्यास दहा-पंधरा वर्षे जातात आणि त्याच्यामागे शिष्य नसेल, तर ते ज्ञान त्याच्याबरोबरच संपते. झटपट फळ देणाऱ्या संशोधनाकडे पैसा व प्रतिष्ठा जावी, हे समजण्यासारखे आहे. परंतु पायाचे दगड दिसत नाहीत म्हणून ते बसवूच नयेत, असे कोणी गवंडी म्हणत नाही.

या कामाचा आरंभ मात्र शाळेत झाला पाहिजे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१४ साली प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातून प्राण्यांची चिरफाड काढून टाकण्याच्या सूचना दिल्या. प्राण्यांच्या निरर्थक हत्येला आळा बसला, ही गोष्ट इष्टच झाली. पण चिरफाडीबरोबर निरीक्षणही हद्दपार झाले, तर तो तोटा होईल. निरीक्षणासाठी कोणाला मारावे लागत नाही. शाळेच्या आवारातील डबक्याचे पाणी काचेच्या बरणीत घेऊन, तोंडाला मलमल बांधून, त्यातील अळ्या लोंबतात की आडव्या राहतात, हे दोन दिवस पाहावे आणि पंख फुटण्यापूर्वी ते पाणी कोरड्या मातीत ओतून द्यावे. कोळ्याचे पाय मोजावेत, मुंगीचे मोजावेत, आणि कोळी हा कीटक का नव्हे, हे मुलांनीच सांगावे. पावसाळ्यात गांडूळ आणि गोगलगाय शेजारी ठेवून त्यांच्यातील फरकांची यादी करावी. अशा यादीतून मुलांनी आपले स्वतःचे वर्गीकरण रचावे व मगच पुस्तकातील कोष्टक उघडावे. त्यांचे वर्गीकरण चुकेल. लिनीअस यांचेही चुकले होते. चूक कोठे झाली, हे शोधणे हाच त्या तासाचा खरा धडा होय.

पाठांतराला मुळीच स्थान नाही, असा याचा अर्थ नव्हे. शब्द माहीत नसतील तर विचारही अडखळतो. परंतु शब्द हे निरीक्षणाच्या मागून यावेत. एखाद्या ग्रामीण शाळेतील मुलगी भिंतीवर तिरप्या बसलेल्या डासाकडे बोट दाखवून 'हा अ‍ॅनॉफेलिस' असे म्हणेल आणि का, ते सांगू शकेल, तेव्हा सिकंदराबादेस जे ज्ञान वेळेवर पोहोचले नाही, ते तिच्या गावापर्यंत पोहोचले असे म्हणता येईल.